चौघांत दोघांची भाषा

फोन आला की अण्णा तो कानाला लावत नसत. उजवा तळवा उताणा करून त्यावर फोन ठेवायचे, अंगठ्यानं स्पीकर चालू करायचे आणि तीर्थ घ्यायला हात पुढे करावा तसा तो हात सगळ्यांच्या मधोमध धरायचे. मग म्हणायचे, "एल्लारुम केक्कट्टुम." म्हणजे, सगळ्यांना ऐकू दे.

बसमध्ये स्पीकरवर बोलणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांना आपण अडाणी म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. पण अण्णा अडाणी नव्हते. मग हा माणूस माझं प्रत्येक वाक्य चारचौघांना का ऐकवतो? ज्याला साक्षीदार हवे असतात त्याच्या मनात खटला असतो. माझा पहिला तर्क हा होता, आणि पुढची दोन वर्षं मी त्यावर घर बांधत गेलो.

मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला पकडलं असं व्हायला नको. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहतो आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा ओढतो. भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या तर भेंडी उलटीपालटी करून बघतो. हा गुण आईचा. ती देवळातला प्रसादही आधी हुंगून घेते.

आम्ही तंजावरचे मराठी. दहा-बारा पिढ्या इथंच गेल्या. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी आमच्यात फार थोड्यांना येते. मला येते ती बायको सोलापूरची म्हणून. तुम्ही आत्ता वाचताय ते मराठी तिनं घासूनपुसून दिलेलं आहे. आमचं घरचं बोलणं ऐकलं की आपले खापरपणजोबा जेवायला बसलेत असं वाटतं, असं ती म्हणते.

वीजखात्याच्या एका उपकेंद्रात मी ऑपरेटर होतो, ओरत्तनाडूच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही. सांगायला कुणाची बंदी नाही, पण नको.

काम सोपं आहे आणि भयंकर आहे. लाइनवर दुरुस्ती करायची असली की तिथला फोरमन मला फोन करतो. मी त्या लाइनची वीज बंद करतो, पॅनेलच्या मुठीवर 'माणसं कामावर आहेत' अशी पाटी अडकवतो आणि त्याला सांगतो, घे. याला लाइन क्लिअर म्हणतात. काम संपलं, सगळे खांबांवरून उतरले, की ज्यानं लाइन घेतली त्यानंच फोन करून ती परत द्यायची. मग मी पाटी काढायची आणि मूठ फिरवायची. मधल्या वेळात त्या चार-पाच जणांचा जीव आम्हा दोघांच्या बोलण्यावर असतो. बाकी काही नाही. दोन माणसं आणि एक फोन.

अण्णा त्या भागाचे फोरमन होते. पन्नाशीचे, काळेसावळे, खाकी शर्टाच्या खिशात एक लहान वही. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. मी नवा असताना रजिस्टरमध्ये त्यांचं पूर्ण नाव वाचलं आणि जागच्या जागी हरखलो. नावाच्या शेवटी राव. म्हणजे आपलाच माणूस. शेताडीतल्या त्या उपकेंद्रात मला घरचं कुणीतरी सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी आमच्या भाषेत म्हणालो, "अण्णा, आम्हीं पण आपलेचि. तुमचें घर कोठें?"

तमिळमध्ये उत्तर आलं, "तंबी, लाइन क्लिअर दे. आणि नंबर परत सांग."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तमिळमध्ये भाजीवालाही गिऱ्हाइकाला तंबी म्हणतो. पाठीमागून त्यांच्या माणसांचं हसणं ऐकू आलं, कारण अर्थात फोन तळव्यावर होता. माझा चेहरा उतरला. तो कुणाला दिसत नव्हता, एवढंच.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "जो आपली भाषा लपिवतो तो आणखी कांहीं तरी लपिवतो. पाहून ऱ्हा."

मी पाहत राहिलो. त्यातच तर माझा हातखंडा.

पहिली गोष्ट, अण्णांना वेळ लागायचा. दुसरे फोरमन काम संपलं की फोन करत, "झालं, दे," आणि दहा सेकंदांत मोकळे. अण्णांचा फोन आला की आधी तळवा, मग स्पीकर, मग "सगळ्यांना ऐकू दे", आणि मग प्रत्येक माणसानं फोनपाशी येऊन स्वतःचं नाव घ्यायचं आणि खाली उतरलोय असं सांगायचं. शेल्वम, खाली. मुरुगेसन, खाली. कुणी लघवीला गेला असला तर तो येईपर्यंत सगळे थांबायचे. इकडे दुसऱ्या फोनवर लोक मला शिव्या घालत असायचे, कुणाची मोटर बंद, कुणाच्या दळणाचा खोळंबा. शेवटी अण्णा म्हणायचे, "तंबी, ऐकलंस ते परत सांग." मी शाळेतल्या पोरासारखी चारही नावं परत म्हणायची. मग ते खिशातली वही काढून काहीतरी लिहायचे. हे मला शेल्वमनं सांगितलं. शेल्वम त्यांच्या टोळीतला सगळ्यात चपळ गडी, आणि सगळ्यात बडबड्या.

"काय लिहितात रे?" मी विचारलं.

"वेळ लिहितात. आणि तुम्ही काय बोललात ते."

झालं. माझ्या मनात जी पाल होती तिला पिल्लं झाली. माझ्यावर एक मेमो आला असता तर बदली ठरलेली, आणि बदली म्हणजे रामनाथपुरमच्या वाळूत. आईला तंजावर सोडवत नाही. तिची गुडघेदुखी, तिचा डॉक्टर, तिची भांडणं, सगळं आमच्या पश्चिम राजवीथी रस्त्याच्या आजूबाजूला. तेव्हा हा माणूस माझा वैरी आहे की नाही, हे मला कळणं गरजेचं होतं. गंमत म्हणून मी पाळत ठेवत नव्हतो.

एकदा मी चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं. टोळी होतीच. मी मुद्दाम मराठीत म्हटलं, "अण्णा, उद्यां अमावास्या. तुम्हीं सुट्टी घेतां काय?" अण्णांनी पेला खाली ठेवला आणि चौघांकडे बघत तमिळमध्ये सांगितलं, "हा विचारतोय, उद्या मी सुट्टी घेणार का. नाही घेणार." मग माझ्याकडे वळून, तेही तमिळमध्ये, "तंबी, चौघांत दोघांची भाषा नको."

मी चहा तसाच टाकून निघालो. टपरीवाल्यानं हाक मारली ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

आईचा तर्क होता की जुन्या वाटणीच्या भांडणातलं हे घर असणार. बायकोचा तर्क, त्यांना मराठी येतच नसेल, लाज वाटत असेल. मला दुसरा पटला होता. तो खोटा ठरला तिरुवैयारुला.

माझ्या मामेभावाच्या मुलाची मुंज होती, कावेरीच्या काठच्या एका सभागृहात. आत शिरलो तर पंगतीच्या टोकाला अण्णा. जरीकाठी धोतर, खांद्यावर पंचा, हातात रश्श्याचं भांडं, आणि तोंडातून आमची भाषा अशी वाहतेय की ऐकत राहावं. "अस्के बसा, अस्के बसा. कोणी उठूं नका. आजीबाई, आणखी घ्या कीं." अस्के म्हणजे सगळे. हा शब्द माझ्या आजोबांनंतर मी इतका ठसठशीत ऐकला नव्हता. मला पाहून त्यांनी भांडं दुसऱ्याच्या हाती दिलं आणि दोन्ही हातांनी माझे दंड धरले. "काय तंबी, सुखी आहेस कीं? आई आली आहे? तिला पंख्याखालीं बसीव. जेऊनचि जा, बरें."

म्हणजे भाषा येत होती. लाजही नव्हती. मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

सोमवारी त्यांचा फोन आला. तळवा, स्पीकर. "तंबी, लाइन क्लिअर." तमिळ. मुंजीतला माणूस कुणी दुसराच होता जणू.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? बाहेर आप्त, कामावर परका. बाहेर मराठीत दंड धरतो आणि कामावर माझा शब्द नि शब्द वहीत टिपतो. मी समजलो की हा माणूस पक्का आहे. नातं ठेवायचं ते पंगतीत, आणि कामावर पुरावा गोळा करायचा. पायाखाली साप दिसला तर माणूस उडी मारतो. इथं साप दिसत नव्हता, नुसती सळसळ होती, आणि ती जास्त वाईट.

पुढच्याच महिन्यात सळसळीला तोंड फुटलं. मी हजेरीच्या कामासाठी सेक्शन ऑफिसात गेलो होतो. आमच्या इंजिनीअर मॅडमच्या खोलीतून अण्णा बाहेर पडले. मला पाहून थबकले, "काय तंबी," म्हणाले आणि गेले. पाच मिनिटांनी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्या पुढ्यात माझं रजिस्टर होतं. "इथं लाइन परत घेतल्याची वेळ नाही. इथंही नाही. वेळ लिहायला इतकं जड जातं का?"

खरं होतं. गर्दीत मी कधीकधी वेळ नंतर लिहू म्हणून सोडून देत असे. पण हे मॅडमना कुणी सांगितलं असेल? ज्याच्या खिशात वही आहे त्यानं. मेमो मिळाला नाही, पण मला तो आता फक्त पोस्टात अडकलेला वाटत होता. घरी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हटलें नव्हतें?"

त्या दिवसापासून मी वेळा सेकंदासकट लिहायला लागलो. अण्णांशी बोलताना एक शब्द कमी नाही की जास्त नाही. नावं परत सांगताना आवाज असा की कोर्टात शपथ घेतोय.

मग ते वादळ आलं.

वादळाचं वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही. दुसऱ्या सकाळी ओरत्तनाडूच्या रस्त्यावर नारळाची झाडं आडवी होती आणि खांब त्यांच्याखाली. आमच्या भागात उभा खांब शोधावा लागत होता. बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या आल्या, ट्रक आले, आणि अण्णा घरी जायचे बंद झाले. मी पॅनेलशेजारी बाकावर झोपायचो. घरी वीज नाही, पाणी नाही, आई शेजारच्या विहिरीवर अवलंबून आणि शेजारणीशी तिचं बोलणं बंद.

चौथ्या दिवशी दुपारी, तीनच्या सुमारास. अण्णांकडे एकच लाइन होती, पण तिच्यावर तालुक्याचा पाण्याचा पंप. मॅडमचा दर दहा मिनिटांनी फोन, वरून त्यांना कुणाचा तरी. चार दिवस लोकांना नळाचं पाणी नव्हतं. मीही झोपेविना तारवटलो होतो. नियमाप्रमाणे मी फोरमनला झालं का विचारायचं नसतं, त्यानं आपणहून सांगायचं असतं. मी विचारलं. आणि विचारताना घरचीच भाषा तोंडात आली, कशी ते माझं मला कळलं नाही.

"अण्णा, सरलें काय?"

"सरलें," अण्णा म्हणाले. "दे."

मराठीत.

दोन वर्षं मी या एका शब्दासाठी थांबलो होतो. माझा हात मुठीपाशी होता. पाटीची दोरी मी काढलेली होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आनंद वाटला. शेवटी बोलला एकदाचा.

आणि लगेच संशय आला. का बोलला? दोन वर्षं ज्यानं माझ्याशी कामावर एक अक्षर मराठी काढलं नाही तो आजच का? स्पीकर नाही. नावं नाहीत. परत सांग नाही. आमच्या दोघांशिवाय कुणाला कळणार नाही असं हे देणं. उद्या काही झालं तर हा म्हणेल, मी दे म्हणालोच नव्हतो, यानंच घाई केली. साक्षीदार कोण? कुणी नाही. मग मेमो, मग रामनाथपुरम. आता सापळा लावलाय, मला वाटलं, आणि मी पाय टाकत होतो.

मी हात मागे घेतला आणि तमिळमध्ये, शक्य तितक्या कडू आवाजात म्हणालो, "अण्णा, स्पीकर लावा. सगळ्यांना ऐकू दे. एकेकाला नाव घ्यायला लावा."

आधी अण्णांचा श्वास, आणि मग, "सरी." बरं.

फोन तळव्यावर गेल्याचं आवाजावरून कळलं. वारा ऐकू यायला लागला. अण्णा म्हणाले, "लाइन परत देतोय. नावं."

एक नाव आलं. दुसरं आलं. मग मुरुगेसनचा आवाज, नाव नाहीच, घाबरलेला आवाज, "लाइन देताय? अण्णा, शेल्वम वर आहे."

फोन खाली पडला. नंतर पळणारे पाय, आणि शेल्वमच्या नावानं हाका. मी दोन्ही हात पाठीमागे धरून पॅनेलपासून लांब भिंतीला टेकून उभा राहिलो, आपोआप काही होऊ नये म्हणून.

झालं होतं ते असं. सगळे उतरले होते. मग शेल्वमला आठवलं की नारळाच्या बागेपलीकडच्या तिसऱ्या खांबावर एक तार नीट आवळलेली नाही. तो मुरुगेसनला सांगून परत चढला. अण्णा सिग्नलसाठी कालव्याच्या बांधावर उभे होते, पाठ फिरवून. मुरुगेसन त्यांच्यापासून दोन हातांवर होता. अण्णांनी माझ्याशी केलेलं बोलणं त्यानं सगळं ऐकलं. पण त्याला वाटलं, राव लोक आपसांत घरचं काही बोलताहेत, आई, वीज, पाणी. मध्ये कशाला बोलायचं? "दे" हे तमिळमध्ये म्हटलं असतं तर तो ओरडला असता. शेल्वम खांबावर दोन्ही हातांनी तार धरून होता.

अण्णांनी त्याला उतरवलं, बांधावर बसवलं, पाणी पाजलं, आणि मग मला फोन करून तीन नव्हे, चार नावं ऐकवली. अण्णांचं स्वतःचं नाव पाचवं. मी पाचही परत म्हणालो. मूठ मी दोन्ही हातांनी फिरवली. तालुक्याला पाणी आलं.

हे लपवता आलं असतं. कुणाला इजा झाली नव्हती, टोळी अण्णांवर जीव टाकणारी, आणि मी तर स्वतःच नियम मोडून विचारलं होतं. अण्णा त्याच संध्याकाळी मॅडमकडे गेले आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं की माझ्याकडून लाइन चुकीची परत गेली, ऑपरेटरनं अडवली म्हणून माणूस वाचला. मी आधी विचारलं होतं, मराठीत विचारलं होतं, यातलं काही त्यात नव्हतं. त्यांनी टोळी सोडली. त्यांना तंजावरच्या स्टोअरमध्ये बसवलं, तारांची वेटोळी आणि इन्सुलेटरची खोकी मोजायला.

पोंगल झाल्यावर ते बायकोला घेऊन आमच्या घरी आले. हातात केळ्यांचा फणा. घरात बाहेरचं कुणी नव्हतं, तेव्हा सगळी संध्याकाळ मराठीच. आईनं तासाभरात नातं शोधून काढलं, तिच्या मावसआत्याच्या दिरांकडून, आणि मला म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होतें, हें घर चांगलें." आईशी पुराव्यानिशी बोलता येत नाही.

कॉफी झाल्यावर अण्णा पडवीत माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुज राग होता मजवर. मी उत्तर देत नव्हतों म्हणून."

"नाहीं हो, अण्णा."

"होता. सांगतों ऐक. माझी आई तमिळ. बापानें पळवून आणलेली. घरांत आम्हीं सहाजण मराठी बोलणार, ती एकटी नाहीं. तिला शिकीवलें नाहीं कोणी. आम्हीं जेवायला बसून बोलत असूं, हसत असूं, ती वाढत असे. वाढतां वाढतां विचारीत असे, काय म्हणालां? आम्हीं म्हणत असूं, कांहीं नाहीं. मरेपर्यंत तिला वाटत होतें कीं आम्हीं तिच्याविषयीं बोलतों." ते थांबले. "कधीं कधीं बोलतही होतों."

मी कॉफीचे पेले एकात एक घातले.

"ती चार पोरें माझ्या भरवशावर खांबावर चढतात. त्यांच्यासमोर तुझ्याशीं मराठी बोललों तर त्यांना काय वाटेल? वही पण त्यासाठींच. रोज त्यांना वाचून दाखवीत होतों, काय बोलणें झालें तें." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या दिवशीं मी विसरलों. तूं विसरला नाहींस. माझा नियम माझ्यापेक्षां तूं राखलास. हें मी मरेपर्यंत विसरणार नाहीं."

तुम्हाला कळतंय ना, त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं? अण्णा, मी नियम राखला नाही. मला तुमच्या माणसांची आठवणही नव्हती. मला वाटलं तुम्ही मला फसवताय. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "आणखी कॉफी घेतां?"

पुढं सहा वर्षं अण्णा होते. स्टोअरमधून निवृत्त झाले, मुलीकडे त्रिचीला गेले. सणासुदीला फोन करायचे, मराठीत. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी आईची तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न यांतच फोन संपायचा. आभार स्वीकारून ठेवले की त्यांना मुळं फुटतात. मला त्यांचा फोन नकोसा होऊ लागला. माझ्या सबंध आयुष्यात माझ्याविषयी इतकं चांगलं मत असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि ते मत चुकीचं होतं.

गेल्या आषाढात ते गेले. झोपेतच. मुलीचा फोन आला तेव्हा मी दोन वेळा विचारलं, नक्की का.

शेल्वम आणि मी भेटायला त्रिचीला गेलो. शेल्वम आता स्वतः फोरमन आहे, पोट सुटलंय, दोन मुली आहेत. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी, मी बाजूला. माझ्यानं राहवेना. अण्णांना सांगायचं राहिलं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि जीव तर त्याचाच होता. मी त्याला तमिळमध्ये सगळं सांगितलं. की त्या दुपारी मला त्याची काळजी नव्हती. की मला बदलीची भीती होती. की मला वाटलं अण्णा माझ्याविरुद्ध कट करताहेत.

शेल्वम ऐकून घेत होता. मला वाटलं तो उठून दुसरीकडे बसेल. तो म्हणाला, "ते आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला अण्णांचा भरवसा नव्हता हे. तुमच्या आवाजातच असायचं. स्पीकरवर सगळ्यांनाच ऐकू यायचं की." तो हसला. "एकदा तुमच्या बदलीची यादी निघाली होती. अण्णा मॅडमकडे गेले आणि म्हणाले, या पोराला हलवू नका. याचा माझ्यावरसुद्धा विश्वास नाही. मुठीपाशी असाच माणूस पाहिजे. त्या दिवशी तुम्ही त्यांना ऑफिसात भेटलात, तोंड वाकडं करून. येऊन आम्हाला सांगत होते."

समोरच्या सीटवरची बाई लेकराला फणस भरवत होती. मग मला जे वाटलं ते मी विचारलं. माझा इलाज नाही.

"हे खरंच अण्णा म्हणाले होते? की मला बरं वाटावं म्हणून तू आत्ता बोलतोयस?"

शेल्वमनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "माझं नका ऐकू. मॅडमना विचारा."

मॅडम तीन वर्षांपूर्वीच वारल्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. शेंगिपट्टी मागे पडलं, वल्लमचे दिवे दिसायला लागले, आणि शेल्वम डुलक्या घेऊ लागला. आता खात्री करून घ्यायची तर एकाच माणसाला फोन लावावा लागला असता. अण्णांचा नंबर माझ्याकडे होता. तो मी अजून पुसलेला नाही.